‘फाइन’चा सोक्षमोक्ष: एका इंग्रजी शब्दाचे अर्थ, मूळ आणि मराठी पर्याय शोधण्याची रीत

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीत गेलेल्या मुलाची खरी झटापट होते ती इंग्रजीशी. कालपर्यंत गणित मराठीत होतं, आज तेच इंग्रजीत समोर येतं. घरचे शब्दकोश आणून देतात किंवा मोबाइलवर एखादं ॲप टाकून देतात. मूल शब्द शोधतं, पहिला मराठी अर्थ वहीत उतरवतं आणि पुढे जातं. ‘फाइन’ म्हणजे ‘छान’. दोन पानांनंतर धड्यातल्या एका माणसाला कोर्ट फाइन करतं, तेव्हा त्या पोरानं काय समजायचं? कोर्टानं त्याला छान केलं?

हा लेख त्या मुलाच्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी आहे. हॉटेलातल्या नोकरीसाठी मुलाखतीची तयारी करणाऱ्यांसाठी आणि इंग्रजी कागद मराठीत आणणाऱ्यांसाठीही आहे. शब्द एकच घेतला आहे, पण रीत कुठल्याही शब्दाला लावता येते. ‘फाइन’ मुद्दाम निवडला, कारण तो दिसायला साधा आणि आतून फार गुंतागुंतीचा आहे.

पहिली पायरी: शब्द एकटा उचलू नका

वहीत नुसता ‘फाइन’ लिहू नका. तो ज्या वाक्यात, ज्या पाटीवर किंवा ज्या वस्तूवर भेटला ते सगळं लिहा. रव्याच्या पाकिटावर ‘फाइन’ असेल तर तो बारीक रवा. वाचनालयाच्या फलकावर पुस्तक उशिरा परत केल्याबद्दल फाइन लिहिलेला असतो, तो दंड. पणजीत आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात फाइन आर्ट शिकवतात, ती ललित कला. क्रिकेटमध्ये यष्टींच्या मागे, खेळपट्टीच्या सरळ रेषेला जवळ जो कोन पडतो तो ‘फाइन’. म्हणून त्या बाजूचा क्षेत्ररक्षक फाइन लेगचा. चेंडू त्या रेषेपासून जितका दूर, तितका तो ‘स्क्वेअर’. समालोचन ऐकणाऱ्या मुलाला हे न सांगता कळलेलं असतं; शब्दकोशातून शिकायला गेलं तर तास जाईल.

गोव्यात याच स्पेलिंगचा आणखी एक शब्द भेटतो. व्हायोलिन किंवा पियानो शिकणाऱ्या मुलाच्या स्वरलिपीच्या कागदावर, एखाद्या दुहेरी उभ्या रेषेपाशी तो छापलेला असतो. उच्चार मात्र ‘फीने’. तो इटालियन आहे आणि त्याचा अर्थ ‘इथे संपलं’. ‘दा कापो आल फीने’ असं लिहिलं असेल तर पुन्हा सुरुवातीला जाऊन या खुणेपर्यंत वाजवायचं. हीही नोंद वहीत ठेवा. तिसऱ्या पायरीवर सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होणार आहे.

दुसरी पायरी: नोंद शेवटपर्यंत वाचा

चांगल्या इंग्रजी शब्दकोशात ‘फाइन’ची नोंद लांबलचक असते. नाम वेगळं, विशेषण वेगळं, क्रियापद वेगळं, क्रियाविशेषण वेगळं. बहुतेक जण पहिल्या ओळीवर थांबतात. तुम्ही आधी एवढंच ठरवा: माझ्या वाक्यातला ‘फाइन’ यांपैकी कोण? नाम असेल तर दंड, आणि मग त्याच्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ असतो आणि जवळपास बहुधा रक्कम. क्रियापद असेल तर दंड करणे. वाइन किंवा बिअर नितळ करण्यालाही हेच क्रियापद चालतं, पण ते त्या धंद्यातल्या लोकांपुरतं.

विशेषणाची गंमत जास्त. ते कुठे बसलं आहे त्यावर त्याचं वजन बदलतं. नामाच्या आधी बसलं तर ती स्तुती: ‘अ फाइन टीचर’ म्हणजे उत्तम शिक्षक. ‘द टीचर इज फाइन’ म्हटलं की शिक्षकाची तब्येत ठीक आहे, किंवा चालण्यासारखा आहे. ‘फाइन वाइन’ म्हणजे ऊंची वाइन. ‘द वाइन इज फाइन’ म्हणजे ठीक आहे, तक्रार नाही. मराठीत ‘छान’ कुठेही बसवा, छानच राहतो. त्यामुळे आपल्याकडची मंडळी पाहुण्यांच्या अभिप्रायात ‘फूड वॉज फाइन’ वाचून खूश होतात. खूश होण्यासारखं त्यात फारसं नसतं.

क्रियाविशेषणाचाही एक घोळ आहे. कांदा बारीक चिरायचा असेल तर ‘फाइनली’, पण काम बरं चाललं असेल तर ‘डुइंग फाइन’. दुसऱ्या ठिकाणी ‘फाइनली’ घातलं की वाक्य बिघडतं. शिवाय स्पेलिंगमध्ये थोडी गफलत झाली की ‘फायनली’, म्हणजे ‘अखेरीस’, होऊन बसतं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हे नित्याचं.

तिसरी पायरी: मुळापर्यंत जा, पण डोळे उघडे ठेवून

आता प्रश्न असा की बारीक, उत्तम आणि दंड हे तीन अर्थ एका शब्दात आले कुठून? शब्दकोशातल्या नोंदीच्या सुरुवातीला किंवा शेवटी व्युत्पत्तीची एक ओळ असते. ती वगळू नका. ‘फाइन’ लॅटिन ‘फीनिस’वरून, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ‘फीनिस’ म्हणजे सीमा, शेवट. इटालियन ‘फीने’ त्याच घरातला. पोर्तुगीज शिकलेली जुनी पिढी तुमच्या घरात असेल तर त्यांच्या पुस्तकांची शेवटची पानं पाहा. तिथे ‘फिं’ छापलेलं सापडेल, ‘समाप्त’ या अर्थानं. पोर्तुगीजमधला ‘फिनु’, म्हणजे बारीक, तलम, हाही याच कुळातला.

शेवटापासून उत्तमापर्यंतची वाट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आपण ‘पराकाष्ठा’ म्हणतो तेव्हा ‘काष्ठा’ म्हणजे सीमाच असते. जे टोकाला पोचलं, ज्याच्या पुढे काही उरलं नाही, ते सर्वश्रेष्ठ. फ्रेंचांनी ‘फीनिस’चा ‘फॅं’ असाच वापरला आणि तेराव्या शतकात तो इंग्रजीत उतरला तो निर्भेळ, शुद्ध, ऊंची अशा अर्थांनी. कुशल हातानं केलेली वस्तू नाजूक असते, नाजूक वस्तू पातळ असते, पातळ ती बारीक. असा तो घसरत रव्याच्या पाकिटापर्यंत आला. शुद्धतेचा अर्थ सराफाकडे अजून जिवंत आहे. दागिन्यावरच्या हॉलमार्कमधला ९१६ हा आकडा ‘फाइननेस’चा, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं, आपलं २२ कॅरेट. १८ कॅरेटला ७५०. मराठीत यासाठी ‘कस’ आणि ‘बावनकशी’ हे शब्द असताना ‘फाइन गोल्ड’चं भाषांतर कुणी ‘छान सोने’ केलेलं दिसलं तर वाईट वाटतं.

दंडाची वाट वेगळी आहे, आणि मला ती जास्त आवडते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि कोर्टकचेरीत फ्रेंच-लॅटिन शब्द शिरले. जमिनीच्या दाव्याचा दोन्ही पक्षांच्या संमतीनं शेवट केला की त्या कराराला ‘फाइन’ म्हणत. त्याची सुरुवातच ‘हा अंतिम करार’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांनी होई. ११९५ पासून हा मजकूर एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहून नागमोडी कापत: एकेक तुकडा पक्षांना, आणि तळाचा तुकडा सरकारी दप्तरात. पुढे एखाद्याचे तुकडे जुळले नाहीत की खोटेपणा उघडा पडे. १८३३ च्या कायद्यानं ही पद्धत इंग्लंडात बंद झाली. प्रकरण मिटवण्यासाठी जे पैसे भरायचे त्यांनाही ‘फाइन’ म्हणू लागले होते. करार गेला, पैसे राहिले. म्हणजे दंड हा मुळात शिक्षेसाठी नव्हता, तो विषय संपवण्यासाठी होता.

‘फायनान्स’ही इथलाच: देणं चुकतं करून हिशेब संपवणं. आपल्या ‘फिटंफाट’च्या अगदी जवळ. आज आपण त्याला ‘वित्त’ म्हणतो, त्यात तो शेवट हरवतो.

मूळ कळलं की कुळातल्या इतरांची ओळख पटते. ‘डिफाइन’ म्हणजे हद्द आखून देणं, म्हणून व्याख्या करणं. ‘कन्फाइन’ म्हणजे हद्दीत कोंडणं. ‘ॲफिनिटी’ म्हणजे शिवेला शीव लागलेली, त्यावरून जवळीक. ‘इन्फिनिट’, ‘फिनिश’, ‘फायनल’ सांगायला नकोत. ‘रिफाइन’ मात्र थेट ‘फाइन’वरून झाला, आणखी शुद्ध करणं. मुलांना हे सात-आठ शब्द एका पानावर लिहून द्या, पाठांतराचं निम्मं ओझं उतरतं.

आता डोळे उघडे ठेवण्याबद्दल. माशाचा ‘फिन’, म्हणजे पर, या कुळातला नाही. तो जुन्या इंग्रजीतला देशी शब्द आहे. ‘फाइंड’, शोधणे, हाही नाही. पण ‘फाइन’चा भूतकाळ आणि ‘फाइंड’ कानाला हुबेहूब सारखे लागतात, म्हणून श्रुतलेखनात मागचंपुढचं वाक्य ऐकल्याशिवाय लिहू नये. आणखी एक सावधगिरी: मूळ हे नातं सांगतं, आजचा अर्थ ठरवत नाही. ‘फाइन डे’चं भाषांतर ‘शेवटचा दिवस’ करणारा माणूस अजून मला भेटलेला नाही, पण व्युत्पत्तीचं वेड लागलेले लोक त्याच्या जवळपास जाऊन येतात.

चौथी पायरी: पर्याय हवा असेल तर आधी विरुद्धार्थी शब्द काढा

‘फाइन’ला मराठीत काय म्हणतात, या प्रश्नाला उत्तर नाही. योग्य प्रश्न असा: या वाक्यात ‘फाइन’च्या उलट काय असतं? उलटा शब्द सापडला की सुलटा आपोआप हाती लागतो.

रव्याच्या बाबतीत उलट काय? जाडा. म्हणून बारीक रवा. पिठाच्या उलट भरड, तेव्हा फाइन पीठ म्हणजे मऊ दळलेलं. औषधी चुर्णाच्या उलट जाडंभरडं, तर फाइन चूर्ण म्हणजे वस्त्रगाळ. कापडातून गाळून घेतलेलं. या एका शब्दात कृती, साधन आणि परिणाम तिन्ही आले, इंग्रजीला इथे चार शब्द लागतात. हुमणाच्या, म्हणजे माशाच्या कालवणाच्या, पाककृतीत ‘ग्राइंड टु अ फाइन पेस्ट’ असेल तर मराठीत ‘खोबरं-मिरचीचं वाटण गंधासारखं वाटा’. ‘बारीक पेस्ट करा’ चुकीचं नाही, पण ते वाचून कुणाच्या तोंडाला पाणी सुटणार नाही. गिलाव्याच्या कामात फाइन वाळू म्हणजे चाळून घेतलेली बारीक वाळू.

कापडाच्या उलट जाडंभरडं, खरखरीत. म्हणून फाइन कापड तलम. फणीचं पाहा: इंग्रजीत बारीक दातांच्या कंगव्यासाठी ‘फाइन’ लावावा लागतो, मराठीत कंगवा वेगळा आणि फणी वेगळी. त्यावरून आलेला वाक्प्रचार, एखादं प्रकरण अशा कंगव्यानं विंचरून काढणं, मराठीत ‘कसून तपासणं’ किंवा ‘बारकाईनं धुंडाळणं’ असा येतो. कंगवा तिथे आणायची गरज नाही.

हवेच्या उलट पाऊस, ढगाळ. श्रावणात गोव्यात चार दिवस झड लागून मग ऊन पडलं की इंग्रजीत ‘फाइन डे’ आणि आपल्याकडे ‘उघाड पडली’. मे महिन्यातल्या कडक उन्हाला मात्र ‘उघाड’ म्हणता येत नाही, कारण उघडायला आधी काही मिटलेलं हवं. तिथे ‘आकाश निरभ्र’. गोष्टीतल्या ‘वन फाइन डे’ला हवेशी काही देणंघेणं नाही, ते नुसतं ‘एके दिवशी’.

तब्येतीच्या उलट आजारी, म्हणून बरा, ठीक, धडधाकट. फरकाच्या उलट ठळक, म्हणून सूक्ष्म. ‘फाइन लाइन’ला पुसट रेषा. ‘फाइन प्रिंट’ला बारीक अक्षरातल्या अटी, फ्लॅट भाड्यानं घेताना किंवा दुचाकीचा विमा काढताना त्या वाचाव्यात, हा सल्ला फुकट. ‘कट इट फाइन’ म्हणजे अगदी ऐनवेळी, थोडक्यात गाठणं: रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट सुटता सुटता आत शिरणारा माणूस हेच करत असतो.

दंडाला विरुद्धार्थी शब्द सापडत नाही. बक्षीस म्हणाल तर ते जुळत नाही. उलट शब्द सापडेना की समजावं, हा दुसरा ‘फाइन’ आहे.

इंग्रजी समानार्थी शब्दांचा कोश वापरत असाल तर हीच चाळणी लावा. असा सर्वांत प्रसिद्ध कोश रॉजेचा, १८५२ चा. त्यात ‘फाइन’पाशी डझनावारी शब्द दिसतात आणि नवशिका त्यातला सगळ्यात भारदस्त उचलतो. ‘एक्सलंट’, ‘डेलिकेट’, ‘थिन’, ‘प्युअर’, ‘सनी’, ‘ओके’ हे सगळे त्याच रांगेत असतील, पण एकमेकांचे ते कुणीच नाहीत. आपल्या वाक्यात एकेक घालून मोठ्यानं वाचा. रव्याला ‘एक्सलंट’ लावला की रवा चांगला होईल, बारीक होणार नाही.

बोलण्यातला ‘फाइन’

‘हाउ आर यू?’ ‘आय ॲम फाइन.’ इथपर्यंत सगळे येतात. शॅकवर किंवा हॉटेलात काम करणाऱ्यांनी पुढचं लक्षात ठेवावं. ‘आणखी भात वाढू का?’ असं विचारल्यावर पाहुणा ‘आय ॲम फाइन, थँक्स’ म्हणतो, तेव्हा तो तब्येत सांगत नसतो. तो म्हणतो, नको, पुरे. भात घेऊन उभं राहू नये. ‘इज दिस टेबल ओके?’ला ‘दॅट्स फाइन’ म्हणजे ‘चालेल’. मराठीतला ‘चालेल’ या जागी इतका चपखल बसतो की दुसरा पर्याय शोधूच नका. कोकणीत ‘जायत’.

सूर मात्र ऐका. लांबवलेला, खाली येणारा ‘फाइन’ म्हणजे ‘बरं, कर तुला हवं ते’. त्यात राग असतो. ‘अ फाइन मेस’ म्हणजे ‘बराच की गोंधळ घालून ठेवलास’. आपला ‘बरा’ही असाच दुधारी आहे, म्हणून हा टोमणा मराठीत सहज उतरतो. लेखी परीक्षेत सूर ऐकू येत नाही, तेव्हा आधीच्या वाक्यातलं भांडण शोधायचं.

कागदावरचा ‘फाइन’

सरकारी किंवा कायद्याचा मजकूर मराठीत आणताना नेहमीच्या बोलीतला ‘दंड’ अपुरा पडतो. दंड म्हणजे काठी, त्यावरून कुठलीही शिक्षा, मृत्युदंडही दंडच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत शिक्षांची यादी आहे: मृत्यू, जन्मठेप, कारावास, मालमत्ता जप्ती, फाइन आणि नव्यानं आलेली समाजसेवा. इथल्या ‘फाइन’ला कायद्याच्या मराठीत ‘द्रव्यदंड’ म्हणतात. ‘पेनल्टी’ला ‘शास्ती’, कर थकवला की पालिका लावते ती. ‘लेट फी’ला ‘विलंब शुल्क’. तिन्हींना सरसकट ‘दंड’ म्हटलं तर बोलण्यात चालून जातं, अर्जात आणि नोटिशीत गल्लत होते.

रस्त्यावर वाहतूक पोलीस घेतात त्या रकमेचं प्रकरण मजेदार आहे. हेल्मेट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या १९४ डी कलमात १,००० रुपये फाइन सांगितला आहे. पण तो जागेवर भरून मोकळं व्हायची सोय येते २०० व्या कलमातून, आणि तिथे शब्द आहे ‘कंपाउंडिंग’, म्हणजे तडजोड करून गुन्हा मिटवणं. पैसे भरले, विषय संपला. जमिनीच्या दाव्यातल्या जुन्या ‘फाइन’चं काम आज दुसऱ्याच शब्दाकडे गेलं आहे.

शेवटची पायरी: उलटं जाऊन तपासा

मराठी पर्याय ठरला की तो मराठी-इंग्रजी कोशात उलटा शोधा. मोल्सवर्थचा कोश यासाठी अजून पहिल्या क्रमांकाचा आहे. १८३१ साली तो आला आणि १८५७ साली सुधारून वाढवला. इंटरनेटवर फुकट पाहता येतो. ‘तलम’ उघडलं आणि तिथे कापडाचा संबंध दिसला की पर्याय पक्का. ‘तलम रवा’ लिहिणार असाल तर हा कोश तुम्हाला वेळीच अडवेल. इंग्रजीकडून मराठीकडे यायला मोल्सवर्थनं सुरू केलेला आणि कँडीनं १८४७ साली पुरा केलेला कोश आहे. त्यातली मराठी आज थोडी जुनी वाटते, पण हरवलेले शब्द तिथेच सापडतात. छापील कोश चाळायचे असतील तर पणजीत पाटोवरचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची स्थापना १८३२ ची.

वहीतल्या प्रत्येक शब्दाला एक पान द्या. वर भेटलेलं वाक्य, मग उलटा शब्द, मग मराठी पर्याय, कडेला मूळ आणि कुळ. ॲपमधला पहिला अर्थ लिहायचाच असेल तर पेन्सिलीनं लिहा.

सराव म्हणून पुढचा शब्द ‘फेअर’ घ्या. ‘फाइन’मध्ये एका मुळाला अनेक अर्थ फुटले, इथे दोन मुळं एका स्पेलिंगमध्ये येऊन बसली आहेत. गोरा, सुंदर, न्याय्य हा ‘फेअर’ जुन्या इंग्रजीतला देशी. जत्रा या अर्थाचा ‘फेअर’ लॅटिन ‘फेरिया’वरून, म्हणजे सणाचा दिवस. त्याच लॅटिनवरून पोर्तुगीज ‘फेइरा’ आला, बाजार-जत्रा या अर्थी, आणि तोच गोव्यात ‘फेरी’ होऊन राहिला: फेस्ताला भरते ती फेरी. मराठीतली ‘फेरी’, म्हणजे चक्कर, ही ‘फिरणे’वरून, तिचा याच्याशी संबंध नाही. मांडवीवरची फेरीबोट तिसरीच, तिचं मूळ वाहून नेणं या अर्थाच्या जुन्या जर्मानिक शब्दात. पोर्तुगीजमधून आलेल्या अशा शब्दांचा माग काढायचा तर आसगावात १८५५ साली जन्मलेल्या मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांचं काम पाहा. आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरचा त्यांचा ग्रंथ १९१३ चा. तीन ‘फेऱ्या’ तीन पानांवर लिहायच्या, आणि प्रत्येकीच्या वर ती जिथे भेटली ते वाक्य.